टेकलं का?

कुठलीही वस्तू हातातून सोडण्याआधी अप्पा विचारायचे, "टेकलं का?" पोतं असो, पाण्याची घागर असो, की समोरच्याला दिलेला चहाचा कप. समोरून "टेकलं" ऐकू आल्याशिवाय त्यांची बोटं सुटायची नाहीत. एकदा त्यांनी माझ्या बहिणीच्या तान्ह्या मुलीला पाळण्यात ठेवलं आणि दोन्ही तळहात तिच्याखाली तसेच ठेवून तिलाच विचारलं, "टेकलं का?" ती काही बोलेना. अप्पा वाकूनच. शेवटी माझी आई म्हणाली, "अवो अप्पा, टेकलं, टेकलं. काढा आता हात." तेव्हा काढले.

आमच्या शेजारचे हे अप्पा उमरग्याच्या मोंढ्यात हमाल होते. मोंढा तुम्ही पाहिला असेल. तुरीचे, हरभऱ्याचे ढीग पाहिले असतील, वजनकाटा पाहिला असेल, छतापर्यंत गेलेली पोत्यांची थप्पी पाहिली असेल. थप्पीकडे चाललेलं एखादं पोतं पाहताना त्याच्याखालचा माणूस पाहिलाच असेल असं नाही. तो दिसू नये अशीच त्या कामाची रचना आहे. दोघं जण आकडी लावून पोतं पाठीवर चढवतात, मान खाली जाते आणि तोंड दिसेनासं होतं.

माझे वडील हमालांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात दुसरं वाचायला काही नव्हतं. "बंधूंनो" हा मी लिहिलेला पहिला शब्द. वडील थकल्यावर पत्रकं मी लिहू लागलो आणि छापायला देण्याआधी थप्पीच्या सावलीत बसून वाचून दाखवू लागलो. बाकीचे ऐकत ऐकत डुलकी घ्यायचे. अप्पा मात्र जागे. मध्येच हात वर करायचे.

"हे वाक्य लई मोठं उचललंस रं. आता ठेवतूस कुठं?"

मी रागवायचो. घरी जाऊन वाक्य तोडायचो. लिहिणं मी कुठल्या प्राध्यापकाकडून शिकलो नाही, याच माणसाकडून शिकलो. त्यांना सहीपुरतंच लिहिता येत होतं.

मोंढ्यात एक रीत आहे. ओझ्याखाली कुणी अडकून उभा राहिलेला दिसला की जवळ असेल त्यानं हात लावायचा. कुणाचा माल, कुणाचं भांडण, काही विचारायचं नाही. अप्पांचे जोडीदार मैनूभाई. तीस वर्षं दोघांनी एकमेकांना पोती चढवली आणि उतरवली. एकदा दोघांचं काहीतरी बिनसलं आणि आठवडाभर बोलणं बंद होतं. तरी दिवसभर एक म्हणायचा "टेकलं का?" आणि दुसरा म्हणायचा "टेकलं." एवढंच बोलायचे.

दुसरी एक रीत आहे, ती कुठल्याच पत्रकात नाही. हमाल कायमचं काम सोडतो तेव्हा त्याचं शेवटचं पोतं तो एकटा थप्पीपर्यंत नेतो आणि तिथं मोंढ्यातले सगळे मिळून त्याच्या पाठीवरून ते उतरवतात. जेवढे हात पुरतील तेवढे पोत्याला, बाकीचे त्या हातांना. मग तो माणूस मोकळ्या पाठीनं सरळ उभा राहतो. टाळ्या नाहीत, हार नाहीत. तो उभा राहतो आणि सगळे त्याच्याकडे बघतात, बस.

अप्पांच्या गुडघ्यानं आणि कमरेनं साथ सोडली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना काम थांबवायला सांगितलं. शेवटच्या पोत्याचा दिवस ठरला. नेमका त्याच आठवड्यात पुण्याहून एक दिग्दर्शक आला. त्याला आणलं मी.

हे मी लपवणार नाही. एका शिबिरात त्याची माझी ओळख झाली होती. श्रम, शरीर, शोषण हे शब्द तो माझ्यापेक्षा चांगले बोलायचा. त्याला एक प्रयोगशील चित्रपट करायचा होता, काळापांढरा, संवाद नसलेला. कष्टकऱ्याचं शरीर, त्याची हालचाल, एवढंच. मला वाटलं, आपल्या पत्रकांना जे जमलं नाही ते हा करेल. मीच अप्पांना तयार केलं.

दिग्दर्शक फार गोड माणूस. कधी आवाज चढवला नाही. आमच्या घरी जेवताना ज्वारीच्या भाकरीचं इतकं कौतुक केलं, की आई लाजली. आता कळतं, त्याला भाकरीतही पोत दिसत होता, आणि भाजणारीचा नुसता हात.

अप्पांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, "रंग का न्हाय?"

"रंगामुळं लक्ष विचलित होतं, काका."

"आमच्याकडं काळ्यापांढऱ्यात निस्ती मेलेली माणसं असत्यात. भिंतीवर. हार घालून."

सगळे हसले. दिग्दर्शकही हसला आणि त्यानं हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मग अप्पांनी आपली अट सांगितली. ते बाजेवर बसून सावकाश बोलले, ते मला शब्दाशब्दानं आठवतं.

"माजी पोरगी बिदरला दिलीया. मोंढ्यात बायका-पोरी येत न्हाईत. तिनं बाप बघितला त्यो कायम संध्याकाळचा, वाकून घरात शिरल्याला. सरळ उभा कधी बघितला न्हाय. तर शेवटचं पोतं उतरवताना सगळी असतेत, ते दाखवा. आन मग म्या उभा ऱ्हातो, ते दाखवा. तोंडासगट. मग बाकीचं तुमाला काय घ्यायचं ते घ्या."

"नक्की, काका. शब्द देतो," दिग्दर्शक म्हणाला.

तो शब्द मराठीतून मराठीतच होता. तरी मी मध्ये बसून दोघांना समजावत होतो, जसा काही दुभाष्या.

चित्रीकरण तीन दिवस चाललं. पहिल्या दिवशी अप्पांच्या मानेशी यंत्र धरून दिग्दर्शकाच्या माणसांनी उजेड मोजला. जनावरांच्या बाजारात खोंडाचं वशिंड चाचपतात, तसं चाललं होतं. मग घाम कमी पडतोय असं ठरलं आणि त्यांच्यातल्या एका मुलीनं बाटलीनं अप्पांच्या पाठीवर पाणी फवारलं.

"मला काय पालकाची जुडी समजलीस का गं?" अप्पा म्हणाले. ती मुलगी हसता हसता ओशाळली. तिच्याबद्दल माझा राग नाही.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकानं पोतं पाठीवर असताना त्यांना थांबायला सांगितलं. उचलून झालंय, चालणं सुरू व्हायचंय, त्या मधल्या जागी. ओझं पाठीवर घेऊन हमाल थांबत नाही. चालताना भार वाटला जातो, थांबला की सगळा एका ठिकाणी येतो. हे मोंढ्यातल्या कुत्र्यालाही माहीत आहे. अप्पा थांबले, कारण मी त्यांना डोळ्यांनी विनवलं. त्यांच्या पोटऱ्या थरथरू लागल्या. कॅमेरा पोटरीजवळ सरकला. तेवढ्यात पलीकडून मैनूभाई धावत आले आणि पोत्याखाली हात घातला.

"कट! अरे हात आला फ्रेममध्ये! काढा तो हात!"

मैनूभाईंनी हात काढला नाही. म्हणाले, "तू काढ तुजं मशीन. म्या कसा काढू हात?"

त्या वेळीच मला सगळं कळायला हवं होतं. मी मैनूभाईंना बाजूला नेऊन समजावलं, की ही कला आहे. हे मी खरोखर बोललो. लिहिताना माझीच मला शिसारी येते.

तिसऱ्या दिवशी शेवटचं पोतं झालं. तुरीचं होतं. मोंढ्यातले झाडून सगळे आले, आडतेसुद्धा गादीवरून उठून आले. अप्पा थप्पीशी पोचले, वळले आणि चाळीसएक हातांनी ते पोतं असं उतरवलं, की दाणा वाजला नाही. "टेकलं का?" अप्पांनी खालूनच विचारलं. "टेकलं!" सगळे ओरडले. मग ते उभे राहिले. मणका मणका करत, वेळ घेऊन. मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं. ते कॅमेऱ्याकडे बघून थोडंसं हसले, पोरीसाठी.

कॅमेरा चालू होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढच्या पावसाळ्यात पुण्याला त्या चित्रपटाचा खेळ होता. अप्पांना घेऊन मी एसटीनं गेलो. धुतलेलं धोतर, नवी टोपी, कपाळाला भस्माचे ताजे पट्टे. वाटेत नळदुर्गला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "पोरीला पण मोबाईलवर धाडतेत म्हणं. मग ती पण बघंल." सभागृहात दाराशी जाड कागदाचं एक पत्रक वाटत होते. ते मी लिहिलेलं होतं. श्रमाचं सौंदर्य वगैरे. आयुष्यात लिहिलेल्या सगळ्या पत्रकांतलं तेवढं एक जाळून टाकावंसं वाटतं.

चित्रपट सुरू झाला. पाठ. फक्त पाठ, पडदाभर, डोंगरासारखी. मग मानेची घडी. मग आकडीभोवती आवळलेली बोटं. टाच. पोटरीची शीर. पोतं वर जातं, कट. पुन्हा वर जातं, कट. पुन्हा. मोंढ्याचा सगळा आवाज काढून टाकला होता आणि त्या जागी कसलीतरी घरघर घातली होती. अप्पांचं तोंड कुठंच नाही. मैनूभाईंचा हात नाही. थप्पी नाही. ते थरथरणारे पाय मात्र चार वेळा आले. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई हळूच म्हणाल्या, "काय सुंदर आहे!"

अप्पा खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. पहिल्यांदा पोतं वर गेलं तेव्हा त्यांनी मान हलवली, ओळखल्यासारखी. दहाव्यांदा गेलं तेव्हा पुटपुटले, "उतरवा की." विसाव्यांदा त्यांनी माझा हात धरला. "कवा उतरवतेत रं?" पोतं पुन्हा वर गेलं. "साकू," अप्पा म्हणाले. चिडले की ते कानडीवर जात, पुरे म्हणायचे तर साकू म्हणत. "साकू. साकू."

आणि ते उठले. खुर्च्या धरत धरत पुढं गेले, पडद्यासमोर उभे राहिले आणि त्या पडद्यावरच्या पोत्याखाली त्यांनी दोन्ही हात धरले. ओझ्याखाली माणूस अडकलेला दिसला की हात लावायचा. तो माणूस आपणच आहोत हे त्यांना ठाऊक होतं की त्या क्षणी विसरले होते, मी कधी विचारलं नाही. पोतं त्यांच्या हातांवरून, टोपीवरून, कपाळावरून वर सरकत राहिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेही ठरलेलं आहे. काहींनी मोबाईल काढले. दिवे लागले, दिग्दर्शक पुढं आला, त्यानं अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाला, "हीच माझ्या चित्रपटाची शेवटची चौकट." टाळ्या वाढल्या.

अप्पांनी टाळ्या थांबायची वाट पाहिली. मग विचारलं, "ठेवलं कवा?"

"म्हणजे, काका?"

"पोतं. उचलताना दावलं. ठेवलं कवा?"

दिग्दर्शक जरा गडबडला, पण सावरला. लोकांकडे बघत समजावू लागला. "बघा, ठेवणं म्हणजे शेवट. आणि चेहरा दिसला की माणूस गोष्ट शोधायला लागतो. मला गोष्ट नको होती. शेवट नको होता."

"तुमाला नको आसंल," अप्पा म्हणाले. "पाठ माजी हाय."

मग कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या! माणसाचं म्हणणं ऐकू येऊ नये म्हणून टाळीइतकं चांगलं साधन दुसरं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. उमरग्यात उतरलो तोच अप्पांच्या मुलीचा फोन आला. दिग्दर्शकानं तिला चित्रपट पाठवला होता. एवढा शब्द त्यानं पाळला. अप्पांना ऐकू कमी यायचं म्हणून फोन मोठ्यानं लावलेला असायचा.

"अप्पा, बघितला म्या. पुरा बघितला. पर यात तुमी कुठं हाव?"

अप्पांनी फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाले, "डाव्या खांद्याखाली आकडी लागल्याला डाग बघ. त्यो म्याच."

"व्हय, डाग दिसला," ती म्हणाली. "डाग दिसला, अप्पा."

मी दिग्दर्शकाला फोन केला. भांडायचं नाही असं ठरवून केला. म्हटलं, तिसऱ्या दिवशीचं शेवटचं चित्रण तेवढं द्या, तुमच्या चित्रपटात नको, मुलीला दाखवायला द्या. तो प्रेमानं बोलला. म्हणाला, "ते फारच माहितीपटासारखं होतं रे. ठेवलं नाही मी ते. डिस्कवर जागा लागते." मग म्हणाला, चित्रपट बाहेरच्या देशांत निवडला जातोय, काकांना सांग. त्यांना आनंद होईल.

त्यांच्या आनंदाची याला केवढी खात्री! दुसऱ्याचं शरीर घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, उपयोगाचे तेवढे ठेवायचे, बाकीचे पुसायचे आणि वर त्याचा आनंदही आपणच ठरवायचा. सावकाराला निदान लाज झाकायला काहीतरी सबब तरी सांगावी लागायची. याच्याकडे सौंदर्य होतं.

मोंढ्यातल्या पोरांनी अप्पांची चेष्टा चालवली. "काय हिरो!"

"हिरो न्हाय रं. हिरोची पाठ."

मी मैनूभाईंशी बोललो. ठरवलं, पुन्हा एकदा पोतं उतरवू, भुश्याचं हलकं घेऊ, माझ्या मोबाईलवर घेऊ, तोंडासकट. सगळे तयार झाले. अप्पांनी नकारार्थी मान हलवली.

"शेवटचं एकदाच आसतंय. दुसऱ्यांदा केलं की नाटक व्हतंय. मग त्याच्यात आन माज्यात फरक काय?"

तत्त्वाच्या गप्पा मी आयुष्यभर मारल्या होत्या. तत्त्व पाळणारा माणूस समोर बसून विडी शोधत होता.

त्यानंतरही ते रोज मोंढ्यात येऊन काट्याशेजारी बसत. कुणी नीट टेकून बसा म्हटलं तर म्हणत, "बसतो की. पर अजून अंगावरच हाय बघ." हसत म्हणत. पण भिंतीला पाठ लावून बसलेले मी त्यांना पुन्हा पाहिले नाहीत. कायम थोडे पुढं वाकलेले, मागं काहीतरी असल्यासारखे. "टेकलं का?" हे विचारणंही बंद झालं. चहाचा कप देताना आता ते नुसता पुढं करत. मैनूभाई तो घेऊन सवयीनं म्हणत, "टेकलं." अप्पा बघतही नसत.

यंदा मोंढा सोयाबीननं भरलेला असताना अप्पा गेले. सकाळी पाठ दुखते म्हणाले, दुपारी गेले. निरोप आला तेव्हा लिलाव चालू होता. हमालांनी पोती होती तिथं ठेवली. कुणाच्याच पाठीवर काही राहू दिलं नाही. मग सगळे निघाले.

त्यांच्या समाजात दहन नसतं. माणसाला बसवून मिरवत नेतात आणि बसलेलाच पुरतात. खड्ड्याच्या एका बाजूला मातीत कोनाडा खोदतात, त्यात त्याला मांडी घालून, समोर तोंड करून बसवतात. अप्पांना फुलं लावलेल्या खुर्चीत बसवलं होतं, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग. गावातून नेताना लोक त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एवढ्या लोकांनी ते तोंड जिवंतपणी कधी पाहिलं नसेल.

खड्ड्याशी पोचलो तेव्हा माझ्या खिशातला मोबाईल थरथरला. बातमी त्याला कुणी कळवली कोण जाणे. दिग्दर्शकाचा निरोप होता. वाईट वाटल्याचं लिहिलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "खाली उतरवताना हातांचं काही घेता आलं तर घे. चेहरा नको."

मी तो निरोप दोनदा वाचला. माणूस मेल्यावरही याला नुसते हातच हवे होते.

खड्ड्यात दोघांनी उतरायचं होतं. मैनूभाई चप्पल काढून पुढं झाले. भावकीतले एक जाणते म्हणाले, "थांबा जरा. आत आपल्यातलीच माणसं असू द्या." कुजबुज सुरू झाली. तेव्हा बिदरहून आलेली मुलगी, जी तोवर नुसती रडत होती, पदर खोचून पुढं आली.

"तीस वरीस त्येंनीच उतरवलंय माज्या बापाला," ती म्हणाली. "आज कोण दुसरा उतरवणार? जावा चाचा, तुमी उतरा."

मैनूभाई उतरले, पाठोपाठ भावकीतला एक पोरगा. वरून आम्ही अप्पांना दिलं. जेवढे हात पुरले तेवढे त्यांच्या अंगाला, बाकीचे त्या हातांना. मोबाईल माझ्या खिशात पुन्हा थरथरला. माझे दोन्ही हात अप्पांच्या पाठीखाली होते. डाव्या खांद्याखालचा डाग माझ्या बोटांना लागला.

खाली मैनूभाईंनी त्यांना सावरलं, मागं सरकवलं, कोनाड्यात नीट बसवलं. मान सरळ केली. मुलगी कडेला उकिडवी बसून बघत होती. वाकलेले नाहीत, सरळ, तोंड तिच्याकडे.

वर कुणीच हात सोडत नव्हतं.

"टेकली का पाठ?" मी विचारलं.

मैनूभाई तळहातानं अप्पांची पाठ आणि मागची माती चाचपत होते, मध्ये जागा राहिली का बघत होते. मग ते म्हणाले,

"टेकली. सोडा."